नोव्हेंबर लागला, अंगठा लागेना

सोलापुरात नोव्हेंबर कॅलेंडरावर लागला म्हणजे हवेतही आला असं समजू नये. तो पहाटे पाचला येतो, सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारतो आणि आठच्या आत निघून जातो. त्या वेळात उठणाऱ्यांना भेटतो, उरलेल्यांना पेपरातून कळतो. ‘पारा घसरला, सोलापूरकर गारठले’ असा मथळा आणि खाली आकडा अठरा. अठरा अंशांना गारठणारं गाव म्हणून बाहेरचे लोक हसतात. हसोत. मे महिन्यात चव्वेचाळीस असताना आमच्या डांबरी रस्त्यावरून भर दुपारी अनवाणी चालून दाखवा, मग अठरा म्हणजे काय यावर आपण बोलू.

तलावाकाठच्या फिरणाऱ्यांत मीही असतो. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, अंगात कुणाच्या तरी लग्नात आलेला स्वेटर आणि पायात साध्या स्लीपर. सोलापूरकराची थंडी कानातून शिरते, पायांशी तिचं काही भांडण नाही. दुपारी बारा वाजता हीच मंडळी बनियनवर पंख्याखाली बसून ‘ऊन कसलं पडायलंय बघा की’ म्हणत असतात. पंखासुद्धा आमच्याकडे बंद होत नाही. मेमध्ये पाचवर असतो तो नोव्हेंबरात दोनवर येतो, एवढंच. बंद केला तर डास, आणि चालू ठेवला तर पहाटे गार लागतं. म्हणून पंखा दोनवर आणि अंगावर चादर, असा आमचा हिवाळा.

चादरीचं म्हणाल तर १ तारखेलाच बायको ट्रंक उघडते. घरभर डांबरगोळ्यांचा वास. मग सगळ्या चादरी गच्चीवर उन्हात.

“अगं, थंडी कुठाय अजून?”

“आल्यावर काढतात होय? आधी काढून ठेवायच्या असतात.”

यावर बोलण्यासारखं काही नसतं. चादरीच्या गावात राहून चादर न पांघरणं म्हणजे पंढरपुरात राहून माळ न घालण्यासारखं आहे. चालतं, पण लोक बघतात. त्यात पुण्याहून मुलाचा फोन येतो. आमच्या गावातली अर्ध्याहून जास्त पोरं पुण्यात आहेत आणि त्या सगळ्यांच्या ऑफिसांत नोव्हेंबर लागला की एकच आठवण निघते. “बाबा, येताना सहा चादरी आणा. टीममधल्यांना पाहिजेत. आणि ओरिजिनल बघून घ्या हां.”

ओरिजिनल! सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. पण बाहेरगावचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतोच. म्हणजे साखर पेठेत जन्माला आलेल्या चादरीलाही आपण खरंच तिथलेच आहोत हे सिद्ध करावं लागतं. दुकानात उभा राहून मी चादर उलटी करून बघतो. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, फक्त रंग पालटलेले. दुकानदाराला म्हणतो, अस्सल आहे ना? तो म्हणतो, काका, तुम्हीच सोलापूरचे, मला काय विचारायलाव? मी गप्प बसतो. कारण खऱ्याखोट्याच्या परीक्षेत बसायची पाळी नोव्हेंबरात माझ्यावरही यायची असते, आणि मला उलटं करून बघायची सोय नाही.

मी पेन्शनर आहे. दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात.

खरं तर या महिन्याने दुसऱ्याकडे दाखला मागावा हाच मोठा विनोद आहे. नोव्हेंबर हे नाव लॅटिनमधल्या नऊ या आकड्यावरून आलंय. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चला सुरू व्हायचं, त्या हिशेबाने हा नववा. पुढे जानेवारी-फेब्रुवारी आधी येऊन बसले, हा अकरावा झाला, पण नावात दुरुस्ती कुणी केली नाही. आमच्या कचेरीत एखाद्या अर्जदाराने अकरा नंबरच्या खोलीत राहून कागदावर नऊ लिहिलं असतं, तर मी अर्ज परत पाठवला असता. एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून माझी तेहतीस वर्षं गेली. अर्ज परत पाठवायचा माझा हात चांगला होता.

इतकी वर्षं हा दाखला मी बँकेत दिला. कोषागाराकडून बँकेत यादी यायची, नाव शोधायचं, नावासमोर सही करायची. सुतळीने बांधलेलं पेन असायचं, ते चालायचं नाही, मग मागचा माणूस स्वतःचं द्यायचा. त्या निमित्ताने जुने लोक भेटायचे. एकमेकांना बघून ‘अरे, तू आहेस होय अजून?’ असं म्हणायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. यादीत कुणाच्या नावासमोरची जागा महिनाअखेरीलाही कोरी दिसली की समजायचं. बाहेर येऊन चहा प्यायचा, त्याच्याबद्दल दोन बरे शब्द बोलायचे, घरी जायचं.

यंदा मुलाने ऐकलं नाही. “बाबा, रांगेत कशाला उभं राहायचं? ऑनलाइन होतं. २०१४ पासून होतंय.” मी चौकशी केली तेव्हा कळलं की खरंच १० नोव्हेंबर २०१४ ला ही सोय सुरू झालीये. बोट लावायचं, हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत. ऐंशी ओलांडलेल्या केंद्राच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ऐंशीनंतर महिनाभर थांबायची जोखीम सरकारलाही घ्यावीशी वाटत नाही.

म्हणून ३ तारखेला सकाळी मी आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. आता तो नुसता झेरॉक्सवाला राहिलेला नाही. लाइट बिल, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट, पिकाचा विमा आणि नोव्हेंबरात माणसं जिवंत करणं, सगळं तोच करतो. पोरगा विशीतला. त्याने माझा आधार नंबर घातला, काडेपेटीएवढं एक यंत्र पुढे सरकवलं आणि म्हणाला, “काका, अंगठा.”

हा शब्द मला कुठे लागला ते सांगतो. आमचे वडील मिलमध्ये होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. लिहिता येत नव्हतं. पगाराच्या दिवशी रजिस्टरवर अंगठा उठवायचे आणि तो शाईचा जांभळा डाग घेऊन घरी यायचे. आई त्यांच्या हाताकडे बघायची, बाकी काही विचारायची नाही; डाग असला की त्या संध्याकाळी गोडाचं. पण जेवायच्या आधी ते अंगठा राखेने घासघासून धुवायचे, कातडी लाल होईपर्यंत. मला शाळेत घातलं तेव्हा म्हणाले होते, माझा अंगठा बास झाला, तू सही करायची. मी पाटीवर सही गिरवत बसायचो. खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सबंध गल्लीत तेवढी झोकदार सही कुणाची नव्हती. तीच सही तेहतीस वर्षं सरकारच्या कागदांवर केली. आणि शेवटी त्याच सरकारने सांगितलं, सही राहू द्या, अंगठा आणा.

आणला. ठेवला. यंत्रात लाल दिवा लागला.

“जरा दाबून, काका.”

दाबला. लाल. “जरा हलका.” हलका ठेवला. लाल. “तिरका नको.” सरळ ठेवला. लाल. पोरग्याने माझा अंगठा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि एखाद्या सराफाने करावं तसं निरखून म्हणाला, “काका, तुमचं घासलंय.”

घासलंय ते कशाने, हे त्याला काय सांगू? आमच्या टेबलावर एका वाटीत ओला स्पंज असायचा. अंगठा स्पंजवर, अंगठा कागदावर, पान उलट. दिवसाला किती पानं उलटली असतील याचा हिशेब नाही. रेषा गेल्या त्या फायलींत गेल्या. माझी ओळख हवी असेल तर रेकॉर्डरूममध्ये बघा म्हणावं, पानापानाच्या उजव्या कोपऱ्यात थोडी थोडी सापडेल.

त्यात हवा ही अशी. नोव्हेंबर लागला की आमच्याकडे हवेतली ओल जाते. ओठ फुटतात, टाचा उलतात, नखाने हातावर ओढलं तर पांढरी रेघ उमटते. कोरड्या बोटाचा ठसा यंत्राला नीट मिळत नाही, हे त्या पोरग्याने मला समजावून सांगितलं. म्हणजे बारा महिन्यांत ज्या महिन्यात सोलापूरच्या माणसाचं कातडं सर्वांत वाळलेलं असतं, नेमका तोच महिना बोटं तपासायला निवडलाय. जुलैत मागितला असता तर निदान अंगठा दमट तरी असता.

मग बाकीची बोटं सुरू झाली. तर्जनी नाही, मधलं नाही. अनामिकेची पाळी आली तेव्हाच मी आशा सोडली. जिला स्वतःचं नाव नाही ती माझ्या नावाची काय साक्ष देणार? डाव्या हाताचीही पाची झाली. दहाही लाल. एव्हाना माझ्यामागे सात-आठ जण जमले होते आणि सोलापुरात सात-आठ जण जमले की तीन भाषांत सल्ले मिळतात. एक म्हणाला, केसांत बोट फिरवा, तेल लागतं. माझी टोपी काढल्यावर त्यानेच सल्ला मागे घेतला. दुसऱ्याने लिंबू सुचवलं. तिसऱ्याने गरम चहाचा ग्लास धरायला सांगितला, तो मला पटला. अर्धा चहा मागवून धरला आणि निवल्यावर प्यायलो. दिवा लालच.

आमच्या शेजारचे अण्णा तिथेच होते. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलंय, त्यामुळे कुठलंही यंत्र अडलं की तेल द्यायचं हा त्यांचा नियम. ते घरी गेले आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन आले. “ह्याच्या वरचं तेल लावा. शेंगाचं तेल आहे, मुरलेलं.” मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझा अंगठा बरणीत बुडवून काढला. यंत्रावर ठेवला. लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

“काका!” पोरगा ओरडला. “मशीनला तिखट लावलंव की वो!”

पुढची दहा मिनिटं कापूस आणि स्पिरिटमध्ये गेली. मी बाकावर बसलो. माझ्याशेजारी एक अक्का होत्या, कुंभारीहून रिक्षा करून आलेल्या. नेसणं पूर्व भागातलं, बोलणं अर्धं तेलुगू अर्धं मराठी. त्यांनी माझा अंगठा बघितला आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, पाण्यातल्या गोट्यांसारखी. सात वर्षांच्या होत्या तेव्हापासून विड्या वळल्या. सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापाने कापलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, आणि नखाने तोंड मुडपायचं. दिवसाला हजार.

“आता महिन्याला हजार मिळतंय,” त्या म्हणाल्या. पीएफची पेन्शन. ती किमान हजारावर २०१४ साली आली आणि तिथेच बसलीये.

मला काही सुचेना. मी विचारलं, “मग मागच्या वर्षी कसं केलंव?”

“तीन येळा आले की. तिसऱ्या येळला घेतलं मशीननं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “यम बरा बाबा. त्याला आधार लागत नाही, बोट लागत नाही. एका फेरीत काम.” आणि एवढ्या जोरात हसल्या की दुकानातला पोरगाही हसायला लागला.

हसता हसता त्याला आठवलं. “अक्का, थांबा, तसंच बसा. तुमचं चेहऱ्यावर करू.” २०२१ च्या नोव्हेंबरपासून तीही सोय आहे, मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणसाचा नुसता फोटो धरलेला नाही हे यंत्राला कळतं. त्याने मोबाइल धरला, अक्का अजून हसतच होत्या, डोळे आपोआप मिटत-उघडत होते. टिंग. झालं. अक्कांनी पदराने तोंड पुसलं, पैसे दिले आणि जाताना मला म्हणाल्या, “हसा की जरा.”

आता माझी पाळी. मोबाइल तोंडासमोर, गोल वर्तुळात माझा चेहरा, मागे सात-आठ जणांचा दरबार. “डोळे मिचकवा, काका.”

एक गोष्ट लक्षात घ्या. चौकात, भर दुकानात, लोकांदेखत डोळे मिचकावण्याची सवय आमच्या पिढीला नाही. या एका कारणावरून आमच्या वर्गातल्या एकाचं नाव शाळेतून काढलं होतं. मी मन घट्ट केलं आणि प्रयत्न केला.

“एक नको, काका! दोन्ही!”

मागे खसखस पिकली. मग दोन्ही मिटले तर उघडायचं सुचेना, उघडले तर मिटायचं. माणूस दिवसात हजारो वेळा पापण्या मिटतो, पण कुणी ‘आता मिट’ म्हटलं की ते खातं कुणाकडे आहे हेच त्याला सापडत नाही. पाच प्रयत्न झाले. पोरगा थकून म्हणाला, “काका, घरी करा. आरामात. उजेडात उभं राहून करा.”

घरी आलो तर बायको अंगणात हौदाजवळ बसलेली. त्या दिवशी आमच्या पाण्याचा वार होता. बाहेरच्यांना सांगायचं तर, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं आणि वेळ सांगून येत नाही. उजनीचं धरण भरो न भरो, आमचं पंचांग एकच: आजचा वार पाण्याचा आहे की नाही. त्या दिवशी बायको नळाकडे कान देऊन असते. पाणी यायच्या आधी नळ सुस्कारा टाकतो, तो तिला स्वयंपाकघरातून ऐकू येतो. तेवढ्या वेळात पिंप, हौद, कळशा, बादल्या, पातेली, सगळं भरायचं. त्यात नळाची तोटी झिजलेली, पाईप सैल बसतो, वरून कुणीतरी धरून ठेवावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे मी.

“मिळाला का दाखला?”

“नाही.”

“म्हणजे नाही आहात तुम्ही?”

“ऑनलाइन नाही.”

“बरं. पाणी येईपर्यंत काय करायचंय ते करून घ्या.”

मुलाला फोन लावला. तो ऑफिसातून सूचना देणार, बायकोच्या फोनवर. माझ्या फोनवर ॲप. आधी एक ॲप, मग त्याचा चेहरा ओळखणारा दुसरा ॲप, मग ओटीपी, तो आला बायकोच्या फोनवर, तो बघायला गेलो तर मुलगा कट झाला. पुन्हा लावला. “बाबा, चष्मा काढा.” काढला, तर ॲप काय म्हणतंय ते वाचता येईना. “बाबा, टोपी काढा.” “बाबा, उन्हाकडे तोंड करा.” मी अंगणाच्या मधोमध, हात लांब करून, सूर्याला अर्घ्य दिल्यासारखा फोन धरून उभा. गच्चीवरून सहा चादरी माझ्याकडे बघत होत्या. वर्तुळात एक म्हातारा दिसत होता, बराचसा आमच्या वडिलांसारखा.

“आता मिचकवा, बाबा.”

मी मिचकावले. काही नाही. “बाबा, नॅचरल मिचकवा.” हे म्हणजे ‘सहज म्हणून ठसका द्या’ म्हटल्यासारखं झालं. “बाबा, जास्त होतंय.” “बाबा, तुम्ही रागावल्यासारखे दिसताय.” मी रागावलोच होतो. अक्कांचं आठवून हसून बघितलं. मुलगा म्हणाला, “नको, असू दे.” ऊन डोळ्यांत गेलं होतं, हात भरून आला होता. मी आता डोळे फाडून, श्वास रोखून, शिक्षा भोगणाऱ्या पोरासारखा त्या वर्तुळात बघत उभा राहिलो. मनात म्हटलं, उद्या बँकेत जायचं, यादीत सही करायची, खाली रेघ, दोन टिंबं.

तेवढ्यात मागे नळाने सुस्कारा टाकला आणि बायको गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “अहो, आलं! पाणी आलं!”

मी दचकलो. फोन टिंग वाजला.

“झालं!” मुलगा दुसऱ्या फोनमधून ओरडत होता. “बाबा, झालं, सक्सेसफुल! काय केलंत तुम्ही?”

बायकोने तो फोन तुळशीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. “झालं ना? मग इकडे या आधी.”

पाईप उसळून सुटला होता, पाणी अंगणभर. मी स्लीपर सोडून धावलो, तोटीवर पाईप चढवला आणि वरून अंगठ्याने दाबून धरला. गार पाण्याचे दोन फवारे तोंडावर आले आणि थांबले. थेंबही बाहेर पडेना.

“लागला?” हौदात वाकून बायकोने विचारलं.

“लागला.”